रुपरावांच्या दंडावरचा काटा

अंगावर काटा येतो तो थंडीने किंवा भीतीने, आणि थंडी-भीती सरली की तो जातो. हा तुमचा-आमचा काटा झाला. रुपराव उरकुड्यांच्या दोन्ही दंडांवर काटा आला तो वयाच्या चौदाव्या वर्षी, आणि एक्केचाळिसावं सरत आलं तरी गेला नव्हता. खांद्यापासून कोपरापर्यंत, बाहेरच्या अंगाने, खसखशीएवढे बारीक बारीक दाणे. दुखत नव्हते, खाजत नव्हते, पिकत नव्हते. हात फिरवला तर खरखरीत लागत, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीपायी रुपरावांनी सत्तावीस वर्षं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, आणि तोही नागपुरात. मे महिन्यात जिथे कावळेसुद्धा नळाखाली चोच उघडी ठेवून बसतात, तिथे हा माणूस मनगटापर्यंत बटणं लावून सायकलवरून हापिसात जायचा. हापिसातले लोक म्हणायचे, उरकुडेबाबू मोठा टापटिपीचा माणूस! रुपराव ते ऐकून घ्यायचे आणि आतल्या आत घामाने भिजायचे.

हे असंच चालायचं, पण सन पंच्याहत्तरच्या मे महिन्यात सरकारने त्यांच्यावर कृपा केली. रुपराव एका सरकारी खात्यात अकरा वर्षं टेम्परवारी कारकून होते. टेम्परवारी माणसाचं सगळंच टेम्परवारी असतं. त्याला सोसायटी कर्ज देत नाही, घरमालक रंग देत नाही आणि सासरा मान देत नाही. दर वर्षी त्यांची फाइल वर जायची आणि काही तरी शेरा घेऊन खाली यायची. या वेळी मात्र ती आली ती हुकूम घेऊनच: उरकुडे यांस कायम करण्यात येत आहे, मात्र वैद्यकीय तपासणीत योग्य ठरल्यास.

रुपराव पेढे घेऊन आधी शेजारी महादेवराव भोयरांकडे गेले. सक्करदऱ्याकडे आठ बिऱ्हाडांची त्यांची एक लाइन होती, समोर सामाईक अंगण, आणि त्या लाइनीचा मेंदू म्हणजे महादेवराव. शाळेतून पेन्शनीत निघाल्यापासून त्यांनी निसर्गोपचार धरला होता. औषध म्हणजे विष आणि डॉक्टर म्हणजे विषाचा दुकानदार, हे त्यांचं मत ते कोणी विचारायच्या आधीच सांगत. त्यांनी पेढा बाजूला ठेवला (साखर!) आणि विचारलं, "मेडिकलले शर्ट काढा लागते, माहीत आहे ना?"

रुपरावांनी पुडा खाली ठेवला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, दार लावून, परक्या माणसापुढे बाही वर केली.

महादेवरावांनी चष्मा पुसून दंड पाहिला, बोटाने चाचपला आणि फार वेळ काही बोलले नाहीत. फार वेळ न बोलणं हा त्यांच्या उपचाराचा पहिला भाग असे. मग म्हणाले, "हे तं चर्मरोगात जमा धरतीन गा. उमरेडच्या एका तलाठ्याले गजकर्णापायी वापस पाठोलं होतं. पण घाबरू नको. पोटातली उष्णता बाहेर निघून राहिली, बस. वीस दिवसांत दंड असा करून देतो का सायबाचं पेन घसरन त्याच्यावरून."

अकरा वर्षं एका बाजूला आणि खसखशीएवढे दाणे दुसऱ्या बाजूला. रुपरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पहिला प्रयोग उटण्याचा. डाळीचं पीठ, हळद आणि संत्र्याच्या वाळलेल्या सालांची पूड. साली कोणाच्या घरात नव्हत्या असं नाही. नागपुरात संत्र्याची साल फेकणारा माणूस सापडतो, पण फेकणारी बायको सापडत नाही. हळदीचं प्रमाण महादेवरावांनी "भरपूर" असं सांगितलं होतं. पाच दिवसांत दंड पिवळे झाले, मग बाह्या पिवळ्या झाल्या, मग मान कशी कोण जाणे पिवळी झाली. हापिसात हेडक्लार्कांनी विचारलं, "उरकुडे, कावीळ तर नाही? मेडिकल आहे तुमची!" टेबलांच्या दुसऱ्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, "कावीळ नाही, हळद लागली. परमनंट होऊन राहिले, दुसरं लग्न करतेत!" रुपरावांनी रजिस्टरात तोंड खुपसलं. काटा जागच्या जागी होता, फक्त आता पिवळा दिसत होता.

"पिवळा झाला म्हणजे उपचार आत लागू पडला," महादेवराव म्हणाले, "आता घासणी."

घासणी म्हणजे वजरी, टाचा घासायचा तो खडबडीत दगड. रुपराव स्वभावाने कष्टाळू. सांगितलं होतं सकाळी पाच मिनिटं. त्यांनी सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं घासलं. काटा निघाला नाही, मात्र त्याच्या आसपासची जी चांगली चामडी होती ती निघाली. आता दाणे लाल झाले, टपोरे झाले, आणि त्यांच्यात आग पडली. आग शमवायला महादेवरावांनी शेतातली काळी माती आणवली आणि दोन्ही हात खांद्यापासून मनगटापर्यंत थापून रुपरावांना अंगणात उन्हात बसवलं. आपली काळी माती कशी आहे हे शेतकऱ्याला विचारा: ओली असते तोवर लोणी, आणि सुकली की भेगा पडून दगड. अर्ध्या तासात रुपरावांचे हात आडवे पसरलेले तसेच सुकले. तेवढ्यात पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला.

"सही करा."

कोपर वाकेना. रुपराव उभे राहिले, वळले, वाकले, शेवटी पोस्टमनने पॅड त्यांच्या पसरलेल्या हाताखाली नेऊन धरलं. जी सही झाली ती पाहून तो म्हणाला, "बाबूजी, सही येत नसन तं अंगठा चालते. लाजाची काही गोष्ट नाही." अकरा वर्षं सरकारी कागदांवर टिपणं लिहिणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. पत्र तपासणीच्या तारखेचं होतं. दोन जून, सोमवार. हातात नऊ दिवस राहिले होते आणि दंड पहिल्यापेक्षा दहापट वाईट दिसत होते.

महादेवरावांनी मग आपला शेवटचा, रामबाण उपाय सांगितला: कडुनिंब. निंबाच्या पाण्याची अंघोळ, निंबाचा रस, खाटेवर निंबाच्या पाल्याची गादी. घरात फोडणी बंद, तेल बंद, तिखट बंद, फक्त उकडलेलं आणि दहीभात. अंगावर कपडा सैल, बोलणं कमी, बाहेर जाणं नाही. आणि पाला सावलीत वाळला पाहिजे, म्हणून डहाळ्या दाराच्या चौकटीला बांधून ठेवायच्या. उन्हाळ्यात दुसरी सावली होती कुठे? एवढं सांगून महादेवराव भाच्याच्या लग्नाला एस.टी.ने उमरेडला निघून गेले. रुपरावांनी रजा टाकली.

आता वाचकांपैकी जे आमच्याकडचे आहेत त्यांच्या लक्षात आलंच असेल. जे नाहीत त्यांना सांगतो. आमच्याकडे घरात कोणाला देवी निघाल्या तर त्याला रोग म्हणत नाहीत. मातामाय आली म्हणतात. मग दाराला निंबाच्या डहाळ्या बांधतात. घरात फोडणी देत नाहीत, आजाऱ्याला निंबाच्या पाल्यावर निजवतात, दहीभात देतात. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही, कारण नाव घेतलं तर माय रागावते. रुपरावांनी निसर्गोपचार म्हणून जे जे केलं ते ते सगळं ओळीने हेच होतं. घरातल्या माणसाला आपलं दार बाहेरून दिसत नाही. लाइनीतल्या बाकी सात बिऱ्हाडांना ते चांगलं दिसत होतं.

पहिल्या दिवशी लाइन गप्प झाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाया चपला अंगणाच्या पलीकडे काढून येऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी लाइनीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या तुळसाबाई तांब्याभर पाणी घेऊन आल्या, ते त्यांनी उंबऱ्यावर ओतलं, खाटेकडे पाहून हात जोडले आणि डोकं टेकवलं. रुपराव पाल्यावर पडल्या पडल्या हे पाहत होते. त्यांना भरून आलं. आपल्या संयमाची लोकांना एवढी कदर असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी सूज आलेला उजवा हात उचलून तुळसाबाईंना आशीर्वाद दिला. तुळसाबाई जागच्या जागी कापल्या आणि उलट्या पावली गेल्या.

"लोक चांगले आहेत वं आपल्या लाइनीतले," रुपराव बायकोला म्हणाले.

"हाव ना," सुमती म्हणाली. "काल जयवंताबाईनं नारळ आणून ठेवला. मी म्हटलं, काहून? तं काही बोललीच नाही, पाया पडून चालली गेली."

हे असंच आठवडाभर चाललं असतं, पण दूधवाला लहानू हा नव्या जमान्याचा माणूस होता. तो चहा प्यायचा त्या टपरीवर सरकारी पोस्टर लागलं होतं: देवीचा रोगी दाखवा, बक्षीस मिळवा. खाली फोडांनी भरलेल्या चेहऱ्याचं चित्र. शुक्रवारी दूध घालताना त्याला दारातून रुपरावांचा दंड दिसला. लाल, टपोरा, दाण्यादाण्याने भरलेला. लहानूच्या मनात काळजी होती की बक्षीस होतं हे देवच जाणे, दोन्ही असतील. तो सायकल घेऊन सरळ आरोग्य खात्याच्या हापिसात गेला.

शनिवारी सकाळी नऊ वाजता अंगणात जीप येऊन उभी राहिली. त्यातून निरीक्षक गजभिये उतरले. शिस्तीचा माणूस. सरकारने सगळा देश देवीमुक्त करायला काढलेला, आणि अशा वेळी भर नागपुरात रोगी! त्यांनी दारातल्या डहाळ्या पाहिल्या, पाला पाहिला, दहीभाताचं ताट पाहिलं, दंड पाहिले आणि वही उघडली.

"कधी निघाल्या?"

"काय?" रुपराव उठून बसले.

"देवी."

"अजी, देवी नाही हो त्या! काटा आहे तो. चौदा वर्षांचा होतो तेव्हापासून आहे."

गजभिये समजूतदारपणे हसले. रोगी लपवतात हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. "बसा, उठू नका," ते म्हणाले. "बाई, यांना बाहेर पाठवू नका. दारावर माणूस बसेल. डॉक्टरबाई दौऱ्यावर आहेत, उद्या येतील. त्या पाहतील, मग पुढचं."

"उद्या ठीक आहे," रुपराव घाईने म्हणाले, "पण परवा मले सोडा. परवा माझी मेडिकल आहे."

"संशयित रोगी मेडिकलला?" गजभियांनी वही मिटली. "उरकुडे, चार हप्ते तुम्ही संडासलाही विचारून जायचं."

दारावर खरोखरच एक माणूस बसला, खाकी कपड्यात, स्टुलावर. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं काम त्याच्याकडे. मांजर आत गेली तेव्हा त्याने थोडा विचार केला आणि मग सोडून दिलं. रुपराव आढ्याकडे पाहत पडले. रागावायचं कोणावर? लहानूवर, महादेवरावांवर, की स्वतःच्या चामडीवर? अकरा वर्षं त्यांनी कधी एक लेटमार्क घेतला नव्हता. आता सोमवारी त्यांच्या नावापुढे गैरहजर पडणार आणि फाइल पुन्हा खाली येणार. आणि एकदा खाली आलेली फाइल परत वर जायला किती वर्षं लागतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी येऊ दिलं. सुमतीने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि, चार दिवसांनी पहिल्यांदा, चुलीवर खमंग फोडणी दिली. "मरू द्या तो निसर्ग," ती म्हणाली. "जेवा आधी."

रविवारी दहा वाजता डॉक्टरबाई आल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. रोगी पाहायच्या आधी त्यांनी सगळ्या लाइनीला अंगणात रांगेत उभं केलं. रोगी असो नसो, टोचणी सगळ्यांना. त्याच वेळी महादेवराव उमरेडहून पिशवी घेऊन परतले. त्यांनाही धरून रांगेत पहिला नंबर दिला. "मी टोचून घेत नाही, हे निसर्गाच्या विरुद्ध आहे," असं ते म्हणेपर्यंत त्यांची बाही वर गेली होती आणि दोन दातांच्या सुईने आपलं काम केलं होतं.

मग एकेक दंड उघडा होत गेला. तिसरा दंड जयवंताबाईंच्या मोठ्या मुलाचा. डॉक्टरबाई टोचता टोचता थांबल्या, त्याच्यावरून बोट फिरवलं आणि पुढच्या दंडाकडे वळल्या. सहावा दंड शिंप्याच्या बायकोचा, तोच काटा. नववा, दहावा, आणि खुद्द लहानूचा, जो बक्षीस घ्यायला आला होता आणि रांगेत सापडला होता. त्याच्या दंडावर तर रुपरावांपेक्षा दाट. तेवीस माणसांत नऊ दंड काट्याचे निघाले. प्रत्येक जण आपला दंड झाकत होता आणि चोरून दुसऱ्याचा पाहत होता, आणि पाहता पाहता एकेकाने झाकायचं सोडून दिलं. शिंप्याची बायको तर मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, तुम्हाले पण? मले वाटे माह्याच वाट्याले आलं!"

डॉक्टरबाई आत गेल्या. रुपरावांचा दंड त्यांनी उजेडात धरला.

"कशाने घासलंत?"

"वजरीनं."

"आणि पिवळं?"

"हळद."

"मग माती आणि कडुनिंब," त्या स्वतःच म्हणाल्या, "हं. गजभिये, देवी चेहऱ्यावर, तळहातावर, तळपायांवर येतात. यांचा चेहरा बघा, लोण्यासारखा आहे. हा नुसता काटा आहे. दर पाच माणसांमागे दोघांना असतो. अंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल लावायचं, घासायचं नाही. नरम पडतो. पुष्कळांचा वयाबरोबर कमी होतो."

"पण जाईल का पूर्ण?" रुपरावांनी विचारलं.

"नाही जात पूर्ण," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तो काही करत पण नाही हो. राहू द्या की त्याला."

सत्तावीस वर्षांत हे कोणी म्हणालं नव्हतं. चामडी अजून फार लाल होती म्हणून त्यांना मात्र बाईंनी टोचायचं नाही असं ठरवलं, आणि ज्याच्यापायी तेवीस दंडांना भोकं पडली तो एकटाच कोरा राहिला. लाइनीने हे पुढे बरेच दिवस लक्षात ठेवलं.

आता सुटका एका सहीवर होती, पण गजभिये फॉर्म हातात धरून घुटमळले. "बाई, नाव नोंदून झालं. फॉर्मात दोनच रकाने आहेत: रोगी बरा झाला, किंवा रोगी मरण पावला. बरा झाला लिहिलं तर रोग होता असं होतं, आणि मग चार हप्ते पहारा."

रुपराव कारकून होते. ज्याला रकाना नाही ती गोष्ट घडलेलीच नसते हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी हात जोडले. "साहेब, उद्या दहा वाजता मले तिथं पोचू द्या. बाकी काहीही लिहा. पाहिजे तर मेला म्हणून लिहा!"

"अजी, काय बोलून राहिले!" सुमती आतून ओरडली. "मेलेल्याले परमनंट कोण करन?"

डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी फॉर्म घेतला, पट्टी मागितली, दोन रकान्यांच्या बाजूला तिसरा आखला आणि त्याच्या डोक्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "काही झालेच नव्हते." खाली बरोबरची खूण, सही, शिक्का. एक नक्कल रुपरावांना दिली. दारावरचा माणूस स्टूल उचलून जीपमध्ये बसला, आणि तुळसाबाईंनी, कोणत्या तरी रीतीने मायच शांत झाली असं मानून, जीपच्या चाकावर तांब्याभर पाणी ओतलं.

सोमवारी रुपराव साडेनऊलाच पोचले. शर्ट काढायला सांगितलं तेव्हा त्यांनी एकेक बटण जमेल तितकं हळू काढलं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी छाती ऐकली, डोळे पाहिले, मग लालभडक दंडावर नजर गेली. रुपरावांनी नक्कल पुढे केली. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली.

"सरकारने लेखी दिलंय की तुम्हाला काही झालं नव्हतं," ते म्हणाले. "माझ्या नोकरीत असा कागद पहिल्यांदा पाहतोय. एवढं घासलं कोणी?"

"मीच."

"काहून?"

"तुम्ही नापास करसान म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो उरकुडे, काट्यापायी नापास करायचं म्हटलं तर आधी या इमारतीतला अर्धा स्टाफ घरी पाठवावा लागेल." आणि त्यांनी फॉर्मवर "योग्य" असा शब्द लिहून सही केली. नक्कल मात्र त्यांच्या कारकुनाने परत दिली नाही. तिच्यावर आवक नंबर टाकला आणि फाइलला लावली.

रुपराव बाहेर आले. बारा वाजले होते, डांबर पातळ झालं होतं. त्यांनी सायकलला टेकून दोन्ही मनगटांची बटणं काढली आणि बाह्या पार खांद्यापर्यंत दुमडल्या. उन्हाची गरम झुळूक दंडावर लागली. एवढं बरं त्यांना पेन्शनीच्या कल्पनेनेही वाटलं नव्हतं. रस्त्याने घरापर्यंत एकाही माणसाने त्यांच्या दंडाकडे पाहिलं नाही, आणि याचं त्यांना थोडं नवलच वाटलं.

सुमतीने डोळ्याला पदर लावला, देवापुढे साखर ठेवली, पाणी दिलं. पाणी पिता पिता रुपरावांच्या मनात एक गोष्ट आली.

"काहून वं," ते म्हणाले, "एकोणीस वर्षं झाली लग्नाले. तू या काट्याबद्दल एक शब्दही काढला नाही कधी. तुले वाईट वाटे का?"

"वाईट काहून वाटन?" सुमती म्हणाली. "माह्या बाबाचा दंड असाच, भावाचा असाच, तुमचा असाच. मले वाटे, माणसायचे दंड असेच असतेत."

"मग मी पंधरा दिवस घासून राहिलो तेव्हा तरी बोलाचं!"

"मले वाटलं परमनंट व्हाले घासा लागते. सरकारी काम, आपल्याले काय समजते." तिने रिकामा पेला उचलला आणि दाराकडे एकदा पाहून आवाज खाली आणला. "खरं सांगू का? काल रांगेत महादेवभाऊंची बाही वर केली, आणि तो गुळगुळीत दंड पाह्यला ना, तं मले धस्सच झालं. म्हटलं, अवो माय, या माणसाले काय झालं असन!"